त्रिकोणाची न दिलेली बाजू काढताना

दहावीच्या मुलांची भूमिती घेताना एक सवय जवळपास सगळ्यांत दिसते. उदाहरण वाचून होत नाही तोच विचारतात, "सर, सूत्र कोणतं?" नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सांगतो, आधी मोठी आकृती काढा, दिलेल्या लांबी तिच्यावर लिहा आणि काटकोन शोधा. तो सापडला आणि दोन बाजू माहीत असल्या, तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिसरी निघते. काटकोन नसेल तर शिरोलंब टाकून आपणच तयार करायचा.

यासाठी माझं आवडतं उदाहरण 13, 14, 15 बाजूंच्या त्रिकोणाचं. 14 हा पाया धरून समोरच्या शिरोबिंदूतून लंब टाका. उंची माहीत नाही, पायाचे दोन तुकडेही माहीत नाहीत. 13 च्या बाजूकडचा तुकडा क्ष मानला की दुसरा 14 − क्ष. आता उंचीचा वर्ग दोन्ही काटकोन त्रिकोणांतून लिहा:

169 − क्ष² = 225 − (14 − क्ष)²

कंस सोडवला की क्ष² दोन्हीकडून जातो आणि 28क्ष = 140 उरतं. क्ष = 5, दुसरा तुकडा 9, उंची 12. वर्गसमीकरणाच्या धास्तीने गप्प झालेली मुलं इथे खुलतात, आणि मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो. एकच लांबी दोन वाटांनी लिहायची ही युक्ती पुढे फार कामाला येते; त्रिकोणाच्या बाजू आणि मध्यगा यांचं नातं सांगणारं अपोलोनियसचं प्रमेयही तिनेच सिद्ध होतं.

हाच त्रिकोण भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त दिला आहे. त्यांची रीत समीकरणाशिवायची: दोन बाजूंची बेरीज 28, फरक 2, गुणाकार 56, त्याला पायाने भागून 4. हा दोन तुकड्यांतला फरक, म्हणून तुकडे 9 आणि 5. 15² − 13² आणि 9² − 5² समान का येतात, ते स्वतः ताडून पाहा.

समरूप, म्हणजे समान कोनांच्या, त्रिकोणांत गुण जातात ते संगत बाजू, म्हणजे समान कोनांसमोरच्या बाजू, चुकल्याने. समान कोनांना आधी सारख्या खुणा करा आणि त्याच क्रमाने शिरोबिंदू लिहा. सरावाला काटकोनातून कर्णावर लंब टाकलेली आकृती घ्या, तिच्यात तीन समरूप त्रिकोण असतात. कर्णाचे तुकडे 4 आणि 9 असतील तर लंब 6, कारण लंबाचा वर्ग त्यांच्या गुणाकाराएवढा. सुरुवातीला हे तिन्ही त्रिकोण वहीत सुटे काढा, प्रत्येकाचा काटकोन डावीकडे खाली ठेवून.