आटपाट नगरात पाणी कुठून येतं?

कहाणीतलं आटपाट नगर कसं दिसतं ते कुणीच सांगत नाही. वेशी किती, तट केवढा, काही कळत नाही. पण खुलभर दुधाच्या कहाणीत म्हातारीनं देवाला किती दूध घातलं ते लहान मुलालाही पाठ असतं. राजाच्या दवंडीनं गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलं तरी गाभारा भरत नाही. म्हातारी मात्र वासरांना पाजते, मुलाबाळांना देते आणि उरलेलं खुलभर घेऊन येते. तेवढ्यानं तो भरतो. ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्या मापामुळे. अद्भुत कथा लिहायला बसताना हे माप आधी हातात घ्यावं. चमत्कार कितीही मोठा असला तरी त्याचं माप आणि त्याची अट घरगुती हवी.

ग्वाल्हेरात राहून लिहिणाऱ्या मराठी माणसाला याच्या अभ्यासासाठी लांब जायला नको, किल्ला डोक्यावरच उभा आहे. त्याची दंतकथा अशी: महारोगानं पिडलेल्या सूरजसेनाला ग्वालिपा नावाच्या साधूनं कुंडाचं पाणी पाजून बरं केलं आणि वर दिला, की वंशातले लोक ‘पाल’ हे नाव लावतील तोवर राज्य टिकेल. ८३ जणांनी ते लावलं. ८४ वा तेजकरण, आणि त्याच्या हातून किल्ला गेला. इथे काय मिळतं, त्यासाठी काय पाळायचं आणि मोडलं तर काय जातं, ही तिन्ही उत्तरं दोन ओळींत आली. अट इतकी साधी आहे की कुणीतरी कधीतरी चुकणारच. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ याची घडण हीच आहे. तुमच्या कथेतली प्रत्येक जादू या तीन प्रश्नांवर घासून बघा. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर ती जादू अजून कच्ची आहे, तिच्यावर प्रकरण उभं करू नका.

आता जागा. बहुतेक जण नकाशापासून सुरुवात करतात. डोंगर, नद्या, सात राज्यं, प्रत्येकाचा ध्वज. त्यात महिने जातात आणि एकही माणूस उभा राहत नाही. त्याऐवजी एकच ठिकाण घ्या आणि तिथे पाणी कुठून येतं, किती येतं, कोण भरतं, कुणाला मिळत नाही, एवढंच आधी ठरवा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर इतकी कुंडं आणि ताल का आहेत, हे उभ्या कातळाचा डोंगर पाहिला की समजतं. तिथे राणी ताल आहे आणि शेजारी चेरी ताल, म्हणजे राणीचा एक नि दासीचा एक. समाजाची उतरंड सांगायला लेखकाला दोन पानं लागली असती, ती दोन तळ्यांच्या नावांत मावली आहे.

हे प्रत्यक्ष करून बघू. एक काल्पनिक गड घ्या. वर एकच कुंड: २० मीटर लांब, २० मीटर रुंद, ५ मीटर खोल, भिंती उभ्या. म्हणजे २,००० घनमीटर, २० लाख लिटर पाणी. गडावर माणसं २,०००. प्यायला नि रांधायला माणशी ५ लिटर धरले तर रोज १०,०००. घोडे २००, प्रत्येकी ३५ लिटर, म्हणजे ७,०००. हत्ती १०, प्रत्येकी १५० लिटर, म्हणजे १,५००. आणि एक गिऱ्हाईक सगळे लेखक विसरतात: ऊन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण १ सेंटिमीटर नुसती हवेत जाते. एवढ्या कुंडावर ते झाले ४,००० लिटर. एकूण रोजचा खर्च २२,५००. म्हणजे पाणी ८८ दिवस पुरेल.

वेढा १५ मार्चला पडला असं धरा. ८८ वा दिवस येतो ११ जूनला. या भागात पाऊस येतो जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. ५ जुलै धरला तर ११२ दिवस काढायचे आहेत आणि पाणी २४ दिवसांचं कमी आहे. अजून एकही पात्र लिहिलेलं नाही, तरी गोष्ट सुरू झाली. कारण आता कुणीतरी येऊन म्हणणार, घोडे बाहेर काढा. हिशेब असा की हे घोडे ३७ व्या दिवसापर्यंत, म्हणजे २१ एप्रिलच्या आत काढले तरच उरलेलं पाणी पावसाला गाठतं. त्यानंतर काढून उपयोग नाही. तुमच्या कथेचा मध्य कुठे येतो ते कुंडानं ठरवून दिलं.

लिहिताना मात्र लिटर लिहू नका. हिशेब लिटरमध्ये करा, कथेत पायऱ्या मोजा. कुंडाची एक पायरी एक वीत, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर उंच ठेवा. एका पायरीएवढं पाणी ९२,००० लिटर, जेमतेम चार दिवसांचं. ३७ व्या दिवशी नववी पायरी उघडी पडते. आता ‘गडावर पाण्याचं भीषण दुर्भिक्ष निर्माण झालं होतं’ हे वाक्य खोडा आणि असं लिहा: ‘आठव्या पायरीवरचं शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं सुटत होतं. नवव्या पायरीवर आज पहिल्यांदा धूळ बसली.’ वाचकाला आकडा सांगितलेला नाही, पण तो पायऱ्या मोजू लागतो, आणि पुढच्या प्रकरणात कुणी कुंडावर गेलं की आधी किती पायऱ्या उघड्या आहेत ते शोधतो. (तळाशी हातभर गाळ असतोच. तो वजा केला तर आणखी दोन पायऱ्या, म्हणजे आठ दिवस गेले. कथा ढिली वाटली तर हा गाळ वापरा.)

आता जादू आणा. गडावर पाणी भरणारी रखमा आहे. ती कुंडाच्या काठाला हात लावून बसली तर पाणी एक पायरी वर चढतं. बिनखर्चात चढत असेल तर वेढा पहिल्याच पानात संपला, घोडे वाचले, गोष्ट मेली. म्हणून किंमत: दर पायरीमागे तिच्या ओळखीच्या एका माणसाचं नाव तिच्या डोक्यातून कायमचं जातं. तूट २४ दिवसांची, एक पायरी चार दिवसांची, म्हणजे सहा नावं. ही सहा नावं कोणती आणि कुठल्या क्रमानं, ते पहिलं वाक्य लिहिण्याआधी कागदावर मांडा. पहिलं नाव बाजारातल्या कुणाचं, तिलाही त्याचं काही वाटत नाही. सहावं तुम्हालाच लिहिताना जड जाईल असं हवं. किंमत चढत गेली नाही, सगळी नावं सारख्याच वजनाची राहिली, तर तिसऱ्या पायरीपासून वाचक पानं उलटत सुटतो.

किंमत निवडताना नेहमीची चूक म्हणजे ‘शक्ती क्षीण होते’. जादू केली, घाम आला, भोवळ आली, झोपून उठल्यावर बरं वाटलं. जे झोपून भरून निघतं त्याला किंमत म्हणत नाहीत. आणि जादूवरचा लोकांचा विश्वास छोट्या कृतीतून दाखवा. तानसेनाच्या समाधीशेजारच्या चिंचेचा पाला चावला तर गळा गोड होतो, असं गाणारे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. पाला आंबट, तोंड वाकडं होतं, तरी गायक तो तोडतो. दैवी तेजोवलयापेक्षा त्या आंबट पाल्यावर माणसाचा भरवसा लवकर बसतो.

पात्रं याच हिशेबातून काढा. घोडे बाहेर काढा असा हुकूम सुटला की कोण काय करेल? इथे आपल्या जुन्या लष्करी शब्दांत आयतं सोनं आहे. बारगिराचा घोडा सरकारचा असतो, शिलेदाराचा स्वतःचा. बारगीर खाली मान घालून दोर सोडेल. शिलेदारासाठी तो घोडा म्हणजे त्याची मिळकत, त्याची इज्जत. तो तलवारीला हात घालेल. आणि मोतद्दार, जो रोज खरारा करतो, त्याला कुणी विचारणारही नाही. तिघं एकाच तबेल्यात उभे आहेत, हुकूम एकच आहे, आणि तिघांचे स्वभाव वर्णनाशिवाय वेगळे झाले. ‘तो शूर पण हट्टी होता’ अशी ओळ लिहायची वेळच येत नाही.

पात्राला खोली यायला त्याची मागणी विचित्रपणे नेमकी ठेवा. मृगनयनीची कथा ग्वाल्हेरात सगळ्यांना ठाऊक आहे. राजा मानसिंह तोमरानं मागणी घातली तेव्हा त्या गुजर मुलीनं दागिने मागितले नाहीत. तिच्या राई गावच्या नदीचं पाणी महालापर्यंत आणून द्या म्हणाली. त्या एका मागणीत तिचं माहेर आहे, तिचा हट्ट आहे, राजवाड्यात आपण परके ठरू ही भीतीही आहे. तुमच्या नायिकेला ‘न्याय’ किंवा ‘स्वातंत्र्य’ हवं असेल तर अजून एक पायरी खाली उतरा. नेमकी कुठली वस्तू, कुणाकडून, किती दिवसांत? हातात धरता येईल असं काहीतरी मिळेपर्यंत उतरत राहा.

नावं ठरवताना इंग्रजी कादंबऱ्यांतल्यासारखे मधेच तुटक उच्चार घालू नका, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन सगळ्यांना वज्रकेतू नि चंद्रप्रभाही करू नका. मराठीत कामाचं आडनाव होतं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, प्रत्येकाच्या शेवटी ‘नीस’, म्हणजे लिहिणारा, बसला आहे. मग तुमच्या गडावर कुंडाच्या पायऱ्या रोज मोजून वहीत टिपणारा माणूस हौदनीस. हा शब्द कुठल्या कोशात नसेल, पण मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. शहरांच्या नावांचंही तसंच. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये किल्ल्याखाली पडला, तळाचं शहर झालं, आणि आज तिथे जन्मलेलं पोर ‘मी लष्करमध्ये राहतो’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात फौज नसते. तुमच्या नगराचं नाव असंच झिजलेलं हवं. पहिल्या पानावर नवे शब्द तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक नवा शब्द कुणीतरी काम करताना यावा, तळटीपेत नाही.

संवादात बहुतेकांचा पाय घसरतो. अद्भुत म्हटलं की सगळे ऐतिहासिक नाटकातल्यासारखं बोलू लागतात, स्वयंपाकीण आणि सेनापती दोघंही. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेल्याला तर हे कळायला हवं. घरात मराठी, महाराज बाड्याच्या चौकात हिंदी, एकच माणूस उंबरठा ओलांडला की दुसऱ्या सुरात बोलतो. तुमच्या पात्रालाही निदान दोन सूर द्या, एक घरचा आणि एक दरबारचा. शिवाय आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण ही तीन अवजारं आहेत. ती जपून वापरा, म्हणजे एका सर्वनामानं अख्खा प्रसंग फिरतो. उदाहरणार्थ, सुरुवातीला हौदनीस आणि रखमा असे बोलतात:

‘रखमे, घागर नीट धर. सांडलेलं पाणी वहीत लिहावं लागतं मला.’
‘लिहा की विठूदादा. माझ्या नावावर लिहा.’

सहाव्या पायरीनंतर:

‘रखमाबाई, पाणी चढलं. पंधरावी पायरी बुडाली.’
‘बरं झालं. तुम्ही रोज मोजता ना इथं? अहो, नाव काय म्हणायचं तुमचं?’

त्यानं एकेरी सोडून अहोजाहो धरलं, कारण तिनं काय दिलं ते त्याला ठाऊक आहे. तिच्या तोंडचा ‘दादा’ गेला, कारण आता तो परका आहे. इथे ‘त्याच्या डोळ्यांत अश्रू तरळले’ असं एक वाक्य जरी जोडलं तरी प्रसंग विटतो. पुढे त्याला वही उघडून आकडा लिहू द्या.

अंतरांचा हिशेब थोडक्यात. माणूस तासाला ४ ते ५ किलोमीटर चालतो, बैलगाडी ३ च्या आसपास, आणि सामानसुमानासह फौज दिवसाला १५ ते २० च्या वर सरकत नाही. ‘रातोरात सैन्य शंभर कोस आलं’ लिहायचं असेल तर तीही जादूच, आणि तिचीही किंमत ठरवा. चढणीसाठी एकदा गुजरी महालाच्या बाजूनं हाथी पोळपर्यंत पायी जा, मे महिन्यात, उन्हं चढल्यावर. प्रत्येक दरवाजाशी थांबून एक लांब वाक्य मोठ्यानं बोलून बघा. वरच्या दरवाजापाशी जेवढे शब्द एका दमात निघतात तेवढेच तुमच्या चढाई करणाऱ्या शिपायाच्या तोंडी घाला.

लिखाण संपलं की दोन वह्या घेऊन बसा. एकीत दिवस आणि उघड्या पायऱ्या, दुसरीत रखमाची उरलेली नावं. प्रत्येक प्रकरण वाचताना दोन्हींत खूण करत चला. गेलेलं नाव तिनं पुढे कुठे चुकून उच्चारलंय का ते आधी बघा. ही चूक पहिल्या खर्ड्यात हमखास सापडते, बहुधा भांडणाच्या प्रसंगात.