उजवा हात लुळा पडला की: घरी जाऊन करायची पहिली भेट

पॅरालिसिसनंतर घरी आलेल्या पेशंटकडे थेरपिस्ट म्हणून पहिल्यांदा जाल तेव्हा गोनिओमीटर (सांधा किती वळतो ते मोजायची पट्टी) पिशवीतच राहू द्या. आधी विचारा, "काकू, दुखण्याच्या आधी उठल्यापासून काय काय करायचात?" बार्थेल इंडेक्समध्ये, म्हणजे रोजची कामं किती जमतात ते मोजायच्या तक्त्यात, जेवण, आंघोळ, संडास, जिना अशा 10 बाबी आहेत. मांडी घालून बसणं, पोळ्या लाटणं, पूजा त्यात नाही. ती यादी तुम्हीच करायची.

सगळ्यात नाजूक मुद्दा जेवणाचा. चांगला आहे म्हणून लगेच डावा हात सुचवू नका. तो हात संडासाचा, त्याने चारचौघांत घास घ्यायला बऱ्याच वयस्क माणसांना लाज वाटते. मग ते जेवणच कमी करतात आणि घरचे म्हणतात, भूक मंदावली. उजव्या हातात थोडी जरी पकड असेल तर चमच्याची मूठ जाड करा: एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम 10 सेंमी कापून दांड्यावर बसवा, जाडी साधारण 3 सेंमी भरते. ताट उभ्या काठाचं हवं, खाली ओला नॅपकिन, म्हणजे सरकत नाही. वरण-भात घट्टसर कालवा. पातळ वरण तोंडापर्यंत जाईस्तोवर सांडतं. जेवताना ठसका लागत असेल तर हे सगळं थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

पकड अजिबात नसेल तर डावा हात वापरावाच लागतो. तेव्हा संडासात सीटलाच बसणारा पाण्याचा जेट लावा, हात लावायची गरज कमी पडते. घरातल्यांचा विरोधही बहुतेक तिथेच मावळतो.

खाली बसण्याची घाई नको. कुठल्या घरी देवघर असेल, कुठे सकाळची बुद्धवंदना. आडनावावरून अंदाज बांधू नका, विचारा. सुरुवातीला देव्हारा किंवा मूर्ती टेबलावर घ्या. माणूस जमिनीवर बसवता येतो, पण उठवताना घरचे लुळा हातच धरून ओढतात आणि खांदा सांध्यातून खाली सरकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायला शिकवा.

आंघोळ कोण घालणार, हे एकट्यात विचारा. मुलासमोर आई काही बोलत नाही. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

व्यायामाचं सामान बाजारातच मिळतं. सांभार (कोथिंबीर) निवडायला द्या: देठावरून पान तोडताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते. 10 मिनिटं पुरे. खांदा कानाकडे चढला, बोटं आवळली, की जोर जास्त होतोय, थांबवा. संत्रं त्याहून बरं, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची येतात, फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची. वरची टोपी तुम्ही काढून द्या. लुळ्या हाताने फळ नॅपकिनवर दाबून धरायचं, चांगल्या हाताने सोलायचं. जमलं की हात उलटे. डोळे मिटून हाताला स्पर्श कळत नसेल तर तवा आणि गरम गंज (पातेलं) लांबच.

मे महिन्यात भेट सकाळी 9 च्या आत आटपा. जाताना कूलरखालची ओली फरशी आणि पायात येणारी वायर पाहा. पाण्याचा तांब्या चांगल्या हाताच्या बाजूला ठेवलाय ना, तेही.