मक्यातील चवळीची चूक अशी सुधारली

दुभत्या गाईंना सकस वैरण मिळावी म्हणून मी आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या वाणाच्या मक्यात चवळी मिसळून फेकून पेरली, तेव्हा वेल ताटांवर चढले, कापणी अवघड झाली आणि मका पिवळा पडला. पुढच्या खरिपात ३० सेंटिमीटर अंतरावर मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ पेरली, चवळीच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र धरणारे जिवाणू) चोळले आणि मक्याचे नत्रखत मात्र या वेळी कमी केले नाही. कारण चवळीच्या मुळांवरील गाठींतले नत्र त्याच हंगामात शेजारच्या मक्याला फारसे मिळत नाही, हे मला उशिरा उमगले. दाणे दुधाळ असताना दोन्ही पिके एकत्र कापली. मक्याचे वजन निव्वळ मक्यापेक्षा थोडे कमी भरले. पण चवळीतील प्रथिनांमुळे वैरणीचा कस वाढला आणि कुट्टी केल्यावर गव्हाणीत बुडखेही उरत नाहीत.