पेरुजा बघायचं ते वरून खाली

इटलीत पेरुजाला शिकायला किंवा नोकरीला असाल, तर डोंगरावरचं हे जुनं गाव खालून चढत बघू नका. दम लागला की नजर पायाखालीच राहते. खालच्या पियात्सा पार्तिजानी चौकापासून सरकते जिने घ्या. ते 16व्या शतकातल्या रोक्का पाओलिना किल्ल्याच्या पोटातून, गाडल्या गेलेल्या गल्ल्यांमधून वर नेतात. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. वर फोन्ताना माज्जोरे कारंजं पाहा, मग व्हिया आपियाच्या पायऱ्या उतरून जुन्या जलवाहिनीवरची अरुंद पायवाट धरा. 13व्या शतकात कारंज्याचं पाणी इथूनच यायचं. वाटेलगत लोकांची दारं आहेत, आवाज हळू ठेवा. पावसात दगड फार निसरडे होतात, रबरी तळव्याचे बूटच घाला.