घरच्या घरी झाडपाल्याचं औषध? आधी या चुका टाळा

जून लागला, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसानं जोर धरला की मला फोन सुरू होतात. "आक्का, गुळवेल मिळाली, किती घालू?" किती घालायची ते नंतर बघू गे, आणलीस ती गुळवेलच आहे का ते आधी कोण बघणार?

हीच सगळ्यात मोठी चूक, आणि दरवर्षी होतेच. कुंपणावर बदामाच्या आकाराची पानं दिसली की झाली गुळवेल! तसली पानं असलेल्या वेली आपल्या खानापूर तालुक्यात ढिगानं आहेत. खरी गुळवेल बघायची तर पान गुळगुळीत पाहिजे, लव नको. जुन्या दांड्यावर कागदासारखी पातळ साल असते, ती नखानं खरवडली की खाली हिरवंगार दिसतं, आडवा काप घेतला की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी, आणि वरनं दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबत असतात. दांड्यावर सगळीकडं चामखिळीसारखे फोड असले तर ती तिची जातभाई, क्रिस्पा म्हणतात तिला, तिच्या नादाला लागू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं होतं, मग २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानं सांगितलं की गुळवेल सेफ आहे, पण तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा घातक असू शकते. त्या वादात मी पडत नाही, पण लिव्हरचं दुखणं असलेल्याला मी गुळवेल देत नाही, विषय संपला.

आता आमच्या गल्लीतल्या मामांचं ऐका. रिटायर माणूस, कित्येक वर्षं शुगरची गोळी चालू. कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि एकाच आठवड्यात गुळवेलीचा काढा, कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पावडर सगळं सुरू, गोळी पण चालूच, आणि वर एकादशीचा उपास! संध्याकाळी घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीबाही बोलायला लागले. सूनबाईला वाटलं हार्टचंच काहीतरी, रडत आली बिचारी. शेजारच्या पोराकडं शुगर बघायचं मशीन होतं म्हणून कळलं की शुगर पार खाली गेलीय. माणूस शुद्धीत होता, गिळत होता, म्हणून साखरेचं पाणी पाजलं आणि मग दवाखान्यात नेलं. (शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, हे पण लिहूनच ठेवा.) डॉक्टरांनी विचारलं काय काय घेतलं, तर घरात कुणालाच धड सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावरची उरलेली वेल हातात घेतली तर पानाला मागनं मऊ लव. म्हणजे घेतली ती गुळवेल नव्हतीच! मग शुगर नेमकी कशानं उतरली, कारल्यानं, मेथीनं, का उपाशीपोटी घेतलेल्या गोळीनं, कोण सांगणार?

म्हणून माझा नियम एकच: एका वेळी एकच वस्तू. कॅलेंडरवर तारीख टाकायची, काय घेतलं, किती घेतलं ते लिहायचं, आठ-दहा दिवस दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. लोकांना हे जमत नाही, त्यांना सोमवारी सुरू करून बुधवारी गुण पाहिजे. आणि शुगर, बीपी, रक्त पातळ करायची, थायरॉइडची, कुठलीही रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. "नॅचरल हाय, काय होतंय" हे वाक्य मला ऐकवू नका, धोतरा पण नॅचरलच आहे आणि पिवळी कण्हेर पण.

ज्येष्ठमधाचं तसंच. भजनी मंडळातल्या एक मावशी आवाजासाठी दिवसभर काडी चघळायच्या, बीपी काही केल्या उतरेना आणि पायाला सूज. ज्येष्ठमध रोज जास्त झालं की अंगात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. घसा बसल्यावर दोन दिवस चघळा की, सुपारीसारखं कायमचं तोंडात कशाला?

काढ्याची पण एक तऱ्हा झालीय. तुळस, आलं, मिरी, दालचिनी, लवंग, हळद, घरात असेल ते पातेल्यात आणि अर्धा तास खळाखळा. कोरोनात असला जहाल काढा दिवसातनं चारदा पिऊन पोटात आग घेऊन बसलेले मी बघितलेत. मुळं, साल, काड्या असतील तर ठेचून, चार कप पाण्याचं एक कप होईपर्यंत मंद आचेवर, झाकण न ठेवता. तुळस, गवती चहा असली वासाची पानं मात्र उकळायची नाहीत, उकळीचं पाणी वर ओतून झाकून दहा मिनिटं ठेवायचं, नाहीतर सगळा गुण वाफेबरोबर स्वयंपाकघरात. रोज ताजं करा. रविवारी करून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांनी सरळ चहाच प्यावा.

बाकीच्या चुका पटापट सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटाला लावून चाटवायला पण नाही, आजी रागावली तरी नाही. वेखंड उगाळून पाजणं पण बंद करा. कोरफड कापली की पिवळा चीक निथळू द्या, गर धुवा, नाहीतर पोटात कळा आणि जुलाब. आपल्याकडच्या आषाढात पानं वाळत नाहीत, बुरशी धरते, त्यामुळं वाळवण पावसाआधी उरका, सावलीत, आणि काचेच्या बरणीत भरा. पावडर विकत घेण्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानातनं आख्खी काडी, आख्खं मूळ घ्या, निदान काय आणलं ते दिसतं तरी. आपल्या बेळगावात नेहरूनगरला पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे आणि आपण शिकतोय फॉरवर्डवरनं, कमाल आहे!

नवीन असाल तर कुंडीत लावलेली तुळस, गवती चहा, ओवा आणि घरातलं आलं, एवढ्यावर पहिला पावसाळा काढा. अडुळसा नंतर, आणि पोटुशी बाईला तर अजिबात नाही, गर्भाशयाला कळा आणणारा आहे तो. डोळे पिवळे दिसले तर भुईआवळा शोधत रानात फिरू नका, आधी रक्त तपासा.