हर की दून: सॅकच्या आधी नखं

नखं कापा. पायाची. सॅक माळ्यावरून काढायच्याही आधी.

गेल्या वर्षी इंदूरहून उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकला निघताना थर्मल, पोंचो, शेवेची चार पाकिटं, सगळं चिठ्ठीवर खुणा करून भरलं. नखं तेवढी राहिली. चढताना काही कळत नाही. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठा दर पावलाला आपटतो. ओसला गावाहून खाली तालुका नावाच्या गावी पोचेस्तोवर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. घरी आल्यावर डावं एक दिवस मोज्याबरोबरच निघून आलं.

तर निघायच्या तीन-चार दिवस आधी, सरळ कापा. कोपरे कोरलेत तर नख मांसात शिरतं. आदल्या रात्री नको; खोल गेलं तर ते दुखणं घेऊन चढाल.

बूट संध्याकाळी घ्या, पाय जरा सुजलेले असतात तेव्हा, जाड मोजा घालून. महिनाभर तेच वापरा. पाठीवर आठ किलो घेऊन इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढा, एकदा जानापावची. राजवाडा ते सराफा ही बाजारातली चक्कर म्हणजे सराव नव्हे! उतरताना घोट्याशी लेस आवळा, तरी अंगठा पुढे टेकत असेल तर बूट बदला. त्याआधी नखं बघा.

सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी हवीच, कारण रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. झोपायचे मोजे वेगळे. दिवसा त्यांना हात लावायचा नाही. टॉर्च, टोपी, बाटली सांगायला नको. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, थंडीने उतरते. सांकरी या पायथ्याच्या गावापुढे फोनचा भरवसा धरू नका, घरी तिथूनच कळवा.

इंदूर साधारण ५५० मीटरवर, हर की दून ३,५००च्या वर. डोकं दुखून मळमळायला लागलं की सांगायचं, आणि वाढलं तर खाली यायचं. आमच्यातल्या एका भियाने (इंदुरी 'भैया') दोन दिवस 'चहा कमी पडला' म्हणून लपवलं. शेवटी आमच्या खांद्यांवर उतरला.

शेव एकच पाकीट, तहान लागते. लाडू चालतील. रोख पैसे, बीटाडीन, चिकटपट्टी, ओल्या कपड्यांना पिशवी, परतीचं तिकीट. बास.

नेलकटर बहुतेक टीव्हीखालच्या खणात असतं. उठा.