इलेक्ट्रिकलमधून एमआरआयच्या खोलीपर्यंत: प्राध्यापक व्हायचं असेल तर

मेडिकल इमेजिंगमध्ये संशोधन करून प्राध्यापक व्हायचंय, तर इलेक्ट्रिकल सोडून बायोमेडिकलला जाऊ का, असं तिसऱ्या वर्षाची मुलं मला दरवर्षी विचारतात. सोडू नका. सीटी स्कॅन बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड हे लंडनच्या फॅरेडे हाउसमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेले इंजिनिअर. 1 ऑक्टोबर 1971 ला त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, 1979 मध्ये नोबेल मिळालं. एमआरआय तर आपल्या घरचंच आहे. 1.5 टेस्लाला हायड्रोजनचा सिग्नल 63.87 मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, तो पकडणारी कॉइल म्हणजे ट्यून केलेलं एलसी सर्किट, आणि त्यातून चित्र काढणारा फुरियर ट्रान्सफॉर्म तुम्ही परीक्षेपुरता का होईना, शिकलेला असता.

तो आता परीक्षेपलीकडे शिका. सिग्नल्स अँड सिस्टिम्स, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी हे तीन विषय हाडात मुरले पाहिजेत. शरीररचना हळूहळू येते, रेडिऑलॉजिस्ट आनंदाने शिकवतात. गेटला, म्हणजे एमटेक-पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला, इलेक्ट्रिकलचाच पेपर द्या. 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, पण त्यासाठी वाट बदलू नका.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं काम एकच देते. शेप-लोगन फँटम, म्हणजे डोक्याच्या छेदाचं संगणकावरचं चाचणी-चित्र घ्या, 180 कोनांतून त्याची प्रोजेक्शन्स (एक्स-रेसारख्या सावल्या) काढा आणि ती नुसती उलट पसरवून चित्र जुळवा. सगळं धूसर दिसेल. मग प्रत्येक प्रोजेक्शनवर कडा ठळक करणारा राम-लॅक फिल्टर लावा आणि पुन्हा जुळवा. कडा लख्ख उठून येतात. यातले 'राम' म्हणजे आपले जी. एन. रामचंद्रन आणि 'लॅक' म्हणजे ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. फुरियरऐवजी कन्व्होल्यूशनने हेच काम कसं करता येतं, ते त्यांनी 1971 मध्ये दाखवलं. तयार फंक्शन वापरू नका, फिल्टर स्वतः लिहा.

त्यानंतर एमआरआयचा रॉ डेटा, म्हणजे चित्र बनण्याआधीचा मूळ सिग्नल. न्यूयॉर्क विद्यापीठाचं रुग्णालय आणि फेसबुक यांनी गुडघ्याच्या स्कॅनचा फास्टएमआरआय हा संच खुला केलाय. त्यातली के-स्पेसची (हा मूळ सिग्नल ज्या जाळीत ओळीओळीने भरतात तिची) एकाआड एक ओळ शून्य करा. गुडघा अर्ध्यात दुमडून स्वतःवरच पडलेला दिसेल. हे डोळ्यांनी पाहिल्यावर 1999 चा सेन्सवरचा आणि 2007 चा कॉम्प्रेस्ड सेन्सिंगवरचा पेपर वाचा; कमी ओळींतूनही पूर्ण चित्र मिळवण्याच्या या दोन पद्धती. तोवर डीप लर्निंगला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

पीएचडीचा विषय मात्र पेपरांत शोधू नका, रुग्णालयात शोधा. कन्सोलवर टेक्निशियनच्या शेजारी बसा. 'श्वास घ्या, सोडा, रोखून धरा' अशी सूचना जाते, आणि सत्तरीतल्या आजोबांना पंधरा सेकंदही श्वास रोखता येत नाही. यकृताच्या चित्रावर भुतासारख्या सावल्या उमटतात, स्कॅन पुन्हा करावा लागतो. स्कॅन वेगवान का हवा, हे तिथे कळतं.

तिथे इलेक्ट्रिकलवाल्याचा उपयोगही लगेच होतो. एकदा चित्रांवर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची सरळ रेघ येत होती, कापडावर चेन शिवल्यासारखी. माझ्या विद्यार्थिनीने रेघ मध्यापासून किती पिक्सेलवर आहे ते मोजलं. बँडविड्थ 32 किलोहर्ट्झ, पिक्सेल 256, म्हणजे एका पिक्सेलला 125 हर्ट्झ. रेघ 40 पिक्सेलवर, म्हणजे मध्य वारंवारितेपासून 5 किलोहर्ट्झवर बाहेरचा सिग्नल आत शिरतोय. एमआरआयची खोली म्हणजे बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणारा तांब्याचा पिंजरा, तेव्हा संशय दारावरच गेला. चौकटीवरच्या तांब्याच्या पट्ट्या झिजल्या होत्या. त्या दिवसापासून तिथले डॉक्टर तिला स्वतःहून बोलवायला लागले.

डॉक्टरांशी बोलताना नुसते आकडे दाखवू नका. एसएसआयएम (दोन चित्रं किती सारखी आहेत ते सांगणारा आकडा) उत्तम आला तरी मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेची, बारीक फाट पुसली गेलेली असू शकते, आणि रुग्णाला त्या फाटेचंच उत्तर हवं असतं. दोन रेडिऑलॉजिस्टना, कोणतं चित्र कोणत्या पद्धतीचं हे न सांगता, सगळी वाचायला द्या.

परवानग्यांचं काम पहिल्या महिन्यातच सुरू करा. एथिक्स कमिटीची मंजुरी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लागते. स्कॅनची चित्रं ज्या डायकॉम फाइलमध्ये साठवतात तिच्या हेडरमध्ये रुग्णाचं नाव असतं, ते काढा. डोक्याच्या स्कॅनमधून चेहराही उभा करता येतो, तोही पुसा. एक्स-रे किंवा सीटी ठेवायचं तर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी. आणि सोनोग्राफीचं मशीन प्रयोगशाळेत घ्यायचं ठरलं, तर ऑर्डर देण्याआधी पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या जिल्ह्यातल्या सक्षम प्राधिकाऱ्याला भेटा. गर्भलिंगनिदान रोखणारा हा 1994 चा कायदा नोंदणीशिवाय मशीन विकूही देत नाही, आणि ते योग्यच आहे.

पोस्टडॉक परदेशात करा किंवा इथे, पण तिथल्या स्कॅनरवर पल्स सिक्वेन्स (स्कॅनर कधी काय करेल ते ठरवणारा प्रोग्राम) स्वतः लिहायला मिळेल ना, ते आधी विचारा. नोकरीच्या मुलाखतीतही पगाराइतक्याच गांभीर्याने विचारा की मशीन कुठल्या रुग्णालयाचं आणि संशोधनाला वेळ कधी मिळणार. बहुधा रात्री ओपीडीचे रुग्ण संपल्यावर मिळते. तीही चालते, पण आठवड्याचे तास करारात लिहून घ्या. त्याच करारात रॉ डेटा बाहेर काढायची मुभा आणि पेपरवर कोणाची नावं येणार हेही घाला. स्कॅनर रॉ डेटा फार काळ ठेवत नाही, नवे स्कॅन आले की जुना पुसला जातो. म्हणून स्कॅन झाला की त्याच रात्री तो आपल्या डिस्कवर उतरवून घ्या.